मालिश करताना घोडं लाथ का झाडतं?

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून कुंडलच्या काही मंडळींना वाटेल, की उसाच्या आणि द्राक्षाच्या गावात घोड्याचं काय काम? आपल्याकडं दावणीला म्हशी आहेत, संकरित गाई आहेत, गळिताच्या दिवसांत ऊसतोडणी मजुरांचे बैल येतात. घोडं ठेवणारा शेतकरी गावात बोटावर मोजण्याइतका. खरं आहे. पण पाऊसकाळ सरला की आटपाडी, जत, माण, खटाव या दुष्काळी टापूतले मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं आणि पुढं कोकणाकडं उतरतात. आपण रान मोकळं झालं की त्यांना बोलावून मेंढरं बसवतो, लेंडीखताचा लाभ घेतो. त्या वाड्याबरोबर चार-दोन तट्टं असतातच. भांडीकुंडी, वाघर, घोंगडी, नुकती जन्मलेली कोकरं, कधी कधी लहान मूलसुद्धा या तट्टांच्या पाठीवर असतं. ही साधी दिसणारी जनावरं म्हणजे आपल्या दख्खनच्या भीमथडी घोड्याचा वंश. मराठ्यांच्या फौजा याच चणीच्या घोड्यांवर दौडल्या. अलीकडं देशातल्या मान्यताप्राप्त पशुजातींच्या यादीत भीमथडी घोड्याची अधिकृत नोंद झाली आहे. हा घोडा आजवर टिकला तो मुख्यतः धनगरांच्या वाड्यांमुळं, हे विसरून चालणार नाही.

शिवाय वरातीच्या घोड्या आहेत, यात्रेत येणारी घोडी आहेत, कुठं हौसेनं पाळलेलं एखादं शिंगरू आहे. यातलं एखादं लंगडलं, त्याची पाठ धरली, की वाड्यावरचा माणूस बांधावरच्या शेतकऱ्याकडंच येतो. "काका, जरा तेल द्या, घोडीला चोळायचंय," म्हणतो. आपणही माणुसकीनं तेलाची वाटी घेऊन जातो, हात लावतो, आणि घोडी अशी काही दुगाणी झाडते की वाटी एकीकडं आणि काका दुसरीकडं. मग म्हणायचं, "लई खोडीचं जनावर हाय." आणि काठी उचलायची.

आज आपण या "खोडी"बद्दलच बोलणार आहोत. मालिश करताना, शेक देताना, जखम धुताना, पाय उचलून बघताना घोडं उलटतं, चावायला येतं, लाथ झाडतं, ते का? आणि तशा वेळी आपण काय करायचं?

कुंडल हे कुस्तीचं गाव. इथलं मैदान साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पैलवानाची मालिश कशी चालते ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय, काहींनी करूनही घेतली आहे. मालिश करणाऱ्याचा अंगठा दुखऱ्या जागेवर पडला, की भला थोरला गडी "अगाईऽऽ" करतो, हात धरतो, म्हणतो, "वस्ताद, जरा हळू." वस्ताद हात सैल करतो. कुणी त्या पैलवानाला खोडकर म्हणत नाही. घोड्याला "हळू" म्हणता येत नाही. त्याच्याकडं कान आहेत, शेपूट आहे, दात आहेत आणि चार पाय आहेत. त्याला जे सांगायचं ते एवढ्यावरच सांगावं लागतं.

आता घोड्याचा मूळ स्वभाव बघा. वाघ किंवा लांडगा दिसला की म्हैस शिंगं रोखून उभी राहते. घोड्याला शिंगं नाहीत. हजारो वर्षं त्याचा जीव वाचला तो पळण्यामुळं. म्हणून भीती वाटली किंवा दुखलं की घोड्याचा पहिला विचार पळण्याचा असतो, मारण्याचा नव्हे. आपण काय करतो? अगाडी-पिछाडी आवळतो, तोंड खांबाला घट्ट बांधतो, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आपण. पळायची वाट राहिली नाही की लाथ उरते. लाथ मारणारं घोडं बहुतेक वेळा पळायला न मिळालेलं घोडं असतं. एवढं ध्यानात घेतलं तरी निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. घोड्याचे डोळे कपाळाच्या दोन्ही अंगांना असतात. त्यामुळं त्याला मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ती जागा दोनच ठिकाणी: एक थेट पाठीमागं शेपटाच्या रेषेत, आणि दुसरी नाकाच्या अगदी समोर आणि हनुवटीखाली. साहेबाच्या पुढनं आणि घोड्याच्या मागनं जाऊ नये असं आपली जुनी माणसं म्हणतात. साहेबाचं मला माहीत नाही, पण घोड्याचं अगदी शास्त्रशुद्ध आहे. न दिसणाऱ्या जागेतून अचानक हात पडला तर त्याला तो हात तुमचा वाटत नाही, झडप घातल्यासारखं वाटतं.

आणि तिसरी गोष्ट कातडीची. घोडं दांडगं दिसतं म्हणून त्याचं कातडं जाड असावं असं आपण धरून चालतो. पण अंगावर माशी बसली तर नेमकी तेवढीच जागा घोडं थरथरवून माशी उडवतं. जिथं माशीचं बसणं कळतं, तिथं आपला अंगठा काय वाटत असेल? पैलवानाला लावायचा जोर घोड्याला लावायचं कारण नाही.

बंधूंनो, आता मुख्य मुद्द्याकडं येऊ. लाथ ही कधी एकदम येत नाही. फारच थोड्या वेळा तसं होतं. सोसायटीचं कर्ज थकलं तर जप्ती एका दिवसात येत नाही. आधी सचिव रस्त्यात भेटून सांगतो, मग नोटीस येते, मग दुसरी नोटीस. घोड्याचंही तसंच असतं. आपण नोटिसा फाडून टाकतो आणि जप्ती आली की बोंब मारतो.

पहिली नोटीस फार बारीक असते. घोडं वैरण चघळत असतं ते चघळायचं थांबतं. श्वास क्षणभर रोखला जातो. मान किंचित वर जाते. हाताखालचा स्नायू, जो आतापर्यंत मळलेल्या कणकेसारखा होता, तो लाकडासारखा होतो. डोळ्याच्या वरच्या भागात ताणल्यासारखी घडी पडते, नाकपुड्या आवळतात, खालचा ओठ घट्ट होऊन हनुवटीला गोळा येतो. घोड्याच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखण्याची एक मोजपट्टी २०१४ साली परदेशातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. तिच्यातही हीच लक्षणं आहेत: मागं वळलेले ताठ कान, आवळलेला डोळा, डोळ्यावरचा ताण, घट्ट जबडा, घट्ट ओठ आणि ताणलेली नाकपुडी. आपल्याकडच्या जुन्या चाबुकस्वारांना हे अनुभवानं ठाऊक होतं. आता ते मोजून मांडलं गेलंय, एवढंच.

इथं हात थांबला नाही, तर दुसरी नोटीस. कान मागं जातात. कान मागं वळणं आणि कान मानेला चिकटवणं यात फरक करायला शिका. तुमचा हात पाठीवर आहे आणि एक कान तुमच्याकडं वळलाय, तो हलतोय, तर घोडं तुमचं ऐकतंय. दोन्ही कान सपाट पाडले, चिकटवले, तर ते नाराज आहे. शेपूट माशा नसताना फटकारतं. अंग तुमच्यापासून दूर सरतं, किंवा उलट तुमच्यावर रेलून तुम्हाला भिंतीशी दाबतं. मान वळवून तुमच्या हाताकडं बघतं. एका मागच्या पायावरचा भार दुसऱ्यावर घेतं. या शेवटच्या खुणेकडं नीट लक्ष ठेवा. विश्रांती घेणारं घोडंही मागचा एक पाय सैल सोडून उभं राहतं, पण तेव्हा त्याची मान खाली असते, डोळे अर्धे मिटलेले असतात, ओठ लोंबत असतो. मान वर, कान पाडलेले आणि मागचा पाय हलका, ही जुळणी दिसली तर तो पाय आरामासाठी हलका झालेला नाही.

तिसरी नोटीस म्हणजे पाय उचलून जमिनीवर आपटणं, हवेत दात वाजवणं, चावल्याचा आव आणणं, पुठ्ठा तुमच्याकडं फिरवणं. यानंतर जप्ती.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, ती जरा नीट ऐका. घोड्याची आठवण पक्की असते. त्यानं कान पाडले, आपण लक्ष दिलं नाही. शेपूट मारलं, लक्ष दिलं नाही. मग लाथ मारली आणि आपण चार हात लांब पळालो. घोडं यातून काय शिकलं? की कान पाडून उपयोग नाही, लाथेचाच उपयोग होतो. पुढच्या वेळी ते मधल्या पायऱ्या गाळतं. असं घोडं मग "न सांगता लाथ मारणारं" ठरतं. ते तसं जन्मलेलं नसतं, माणसांनीच त्याला तसं शिकवलेलं असतं. उलट पहिल्या नोटिशीलाच हात हलका केला, तर घोडं शिकतं की नुसतं मान वर केली तरी या माणसाला कळतं. त्याला मग लाथेपर्यंत जावं लागत नाही. काही लोक म्हणतात, असं केल्यानं जनावर शेफारतं, डोक्यावर बसतं. माझा अनुभव याच्या बरोबर उलटा आहे.

दोन-तीन वर्षांमागची गोष्ट. कुंडलच्या शिवारात एक वाडा बसला होता. त्यातली एक तांबडी घोडी मालिशीला हात लावू देत नव्हती. लंगडत नव्हती, वैरण खात होती, पण पाठीला तेल लावायला गेलं की झाडायची. एका पोराच्या मांडीवर तिची लाथ बसून काळंनिळं झालं होतं. गुडघ्यावर बसली असती तर पोर जन्माचं लंगडं झालं असतं. घरच्यांनी ती घोडी बाजारात काढायचं ठरवलं होतं. खोडीचं जनावर म्हणून कोण किती देणार? पण तिच्यावाचून बिऱ्हाड हलणारही नव्हतं.

वाड्यावरच्या म्हाताऱ्या आजीला विचारलं, की घोडी कोणत्या बाजूला झाडते? आजी म्हणाली, "डावीकडनंच. उजवीकडनं लेकरू चढलं तरी बोलत न्हाई." वाड्यावर घोडी लादायचं, सोडायचं काम बहुधा बायकाच करतात, त्यामुळं त्यांना जे माहीत असतं ते पुरुषांना नसतं. त्यांना आधी विचारावं. घोडीला मोकळी उभी केली, मोहरकी आजीच्या हातात दिली, आणि मानेपासून सपाट हात फिरवत मागं आलो. आयाळ संपते तिथून चार बोटं मागं, डाव्या अंगाला, हात पोचायच्या आधीच तिचा श्वास थांबला आणि कान पाडला. हात तिथंच थांबवला, मागं घेतला, मानेवर नेला. ती सैल झाली. पुन्हा गेलो, पुन्हा त्याच जागी तेच. वरनं केस शाबूत होते, जखम दिसत नव्हती. पण उलट्या पंजानं बघितलं तर ती जागा आजूबाजूपेक्षा गरम होती, आणि खाली सुपारीएवढी गाठ होती. खोगिराखालची गादी डाव्या बाजूला दबून फळीसारखी झाली होती, आणि जड डबा रोज त्याच बाजूला लादला जात होता. खोगिराची कड नेमकी तिथं रुतत होती. म्हणजे रोज सकाळी जिथं दुखापत होई, तिथंच रोज संध्याकाळी माणसं जोरानं तेल रगडत होती.

घोडीचं ओझं तीन आठवडे दुसऱ्या जनावरांवर वाटलं, गादी उसवून नव्यानं भरली, सुजेला औषधोपचार केले. गाठ उतरली. पण घोडीनं डाव्या बाजूनं माणूस आला की कान पाडायचं लगेच सोडलं नाही. दुखणं गेल्यावरही दुखण्याची भीती काही काळ राहते. घरच्यांना तेवढं सांगून ठेवलं, की आता काठी काढाल तर पुन्हा पहिल्यापासून. ते ऐकून होते.

यावरून मालिशीची रीत कशी असावी ते सांगतो.

घोडं दमून-भागून आल्या आल्या, किंवा वैरणीची वेळ टळलेली असताना हात लावू नका. पाणी पिऊ द्या, थोडं खाऊ द्या. जागा मोकळी, जमीन न घसरणारी असावी. जवळ मोटारसायकल नको, भुंकणारं कुत्रं नको आणि बघ्यांची गर्दी तर नकोच नको. खांबाला घट्ट बांधण्यापेक्षा ओळखीच्या माणसानं मोहरकीची दोरी हातात धरलेली बरी. दोरी हाताला गुंडाळू मात्र नका, घोडं उसळलं तर हात जायचा. धरणाऱ्यानं मालिश करणाऱ्याच्याच बाजूला उभं राहायचं. घोडं बिथरलं तर तो त्याचं तोंड आपल्याकडं वळवतो आणि मागचा भाग आपोआप दुसरीकडं जातो. दोघं दोन बाजूंना उभे राहिले तर एकाला वाचवताना दुसरा लाथेत सापडतो.

घोड्याकडं जाताना खांद्याच्या दिशेनं, तिरकं, बोलत जा. पहिला हात तोंडाला नको, पाठीलाही नको. खांद्याला लावा, आणि क्षणभर नुसता ठेवा. मग आयाळ संपते त्या जागी बोटांनी खाजवा. दोन घोडी एकमेकांना नेमकं इथंच दातांनी खाजवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. या जागी खाजवलं की घोड्याच्या काळजाचे ठोके खाली येतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलंय. म्हणजे घोड्याच्या भाषेतला रामराम तिथं आहे म्हणा ना. रामराम न घालता कुणाच्या घरात शिरावं काय?

मग पूर्ण तळहात सपाट ठेवून, केसांच्या दिशेनं, मान, खांदा, पाठ असं जा. बोटांची टोकं रुतवू नका. एक हात चोळत असताना दुसरा अंगावर टेकलेला असू द्या. त्यामुळं तुम्ही कुठं आहात हे घोड्याला कळत राहतं, आणि ते हललं तर तुम्हालाही आधी कळतं. मागच्या पायांकडं जाताना हात अंगावरून न उचलता सरकवत न्या. पुठ्ठ्याला अगदी लगटून उभं राहा, नाहीतर पार दूर राहा. जवळ असलं तर लाथेला जोर येत नाही, नुसता धक्का बसतो. दीड-दोन हातांवर उभं राहणं सगळ्यात वाईट. खाली बसून काम करू नका, गुडघे टेकू नका, वाकून उभं राहा. तंगाची जागा, भकाळी, पोट आणि मांड्यांचा आतला भाग या नाजूक जागा आहेत, तिथं पहिल्या दिवशी जायचंच नाही. लहान मुलांना या कामात घेऊ नये, मग घोडं कितीही गरीब असो.

घोड्याला बरं वाटतंय हे कसं ओळखाल? मान खाली येते. खालचा ओठ सैल पडतो, कधी वरचा ओठ लांब करून हलवतं. जोरानं श्वास सोडतं, फुरफुरतं, तोंड चघळल्यासारखं करतं, जांभई देतं. तुमच्या हातावर स्वतःहून रेलतं. अशी खूण दिसली की हात थोडा वेळ थांबवावा. आपल्याला वाटतं चाललंय तर चालू द्यावं. पण मधे थांबलं की घोडं स्वतःच अंग पुढं करून "अजून" म्हणतं, आणि तेव्हा मालिश खरी लागू पडते. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. रोज थोडं हे आठवड्यातून एकदा घासून काढण्यापेक्षा चांगलं.

आणि नको म्हणालं तर? पहिली खूण दिसताच हाताचा दाब कमी करा, पण हात झटकन उचलू नका. आधीच्या, त्याला पसंत असलेल्या जागी परत या. सैल झालं की पुन्हा त्या जागेच्या जरा अलीकडंपर्यंत जा. दोनदा, तीनदा नेमक्या त्याच जागी नको म्हणालं, दुसऱ्या दिवशीही तिथंच म्हणालं, तर ती जागा दुखरी आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. सगळ्याच अंगाला नको म्हणत असेल तर ते घाबरलेलं आहे, किंवा पूर्वी कुणी तरी त्याला छळलेलं आहे. तिथं औषध म्हणजे वेळ. एका बाजूनंच नको म्हणत असेल तर त्या बाजूचा डोळाही तपासून घ्या. अंधुक डोळ्यामुळं दचकणारी घोडी असतात.

काही रिवाज आपल्याकडं अजून चालतात, त्यांच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. लंगड्या पायाला तापल्या लोखंडाचा डाग देणं बंद करा. त्यानं आतलं दुखणं बरं होत नाही, वर भाजल्याची जखम मात्र होते, आणि ते जनावर जन्मभर माणसाच्या हाताला भितं. रॉकेल, मिरची, बॅटरीचं पाणी असलं काही चोळू नका. कान पिळून घोडं आवरणं वाईट, त्यानं कानाला कायमचं भय बसतं. वरच्या ओठाला दोरीचा फास लावून काठीनं पिळतात, तो प्रकार डॉक्टर कधी तातडीच्या कामासाठी, पाचेक मिनिटांच्या आत, जपून करतात. मालिशीसाठी त्याचा काही संबंध नाही. बांधून, पिळून केलेली मालिश ही मालिशच नव्हे, कारण ज्या स्नायूंना सैल करायचंय तेच घोडं आवळून धरतं. जनावराला मारहाण करणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, तेही या ओघात सांगून ठेवतो.

मालिश मुळीच करू नये अशा वेळा आहेत. ताजी मुरगळ, गरम सूज असेल तर पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याची धार सोडा, चोळू नका, शेकू नका. उघड्या जखमेवर, गळवावर हात चालवू नका. पाठीच्या वरच्या टोकाला फुटून वाहणारं गळू असेल तर त्याला उघड्या हातानं शिवूच नका, त्यातून काही रोग माणसाला लागू शकतात. ताप असताना मालिश नको. घोड्याचा ताप गुदद्वारात थर्मामीटर घालून बघतात. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. विश्रांतीत नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, आणि श्वास ८ ते १६. आराम करत असतानाही ठोके साठच्या घरात असतील तर खोडी-बिडी नाही, घोडं कळांनी बेजार आहे.

घोडं पुढच्या पायानं जमीन उकरतंय, वळून वळून पोटाकडं बघतंय, लोळतंय, घाम आलाय, लीद बंद आहे, तर तो पोटशूळ. अशा वेळी पोटाला हात लावू देत नाही म्हणून मारू नका, ताबडतोब डॉक्टरांना कळवा. श्रमानंतर पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे झाले, घोडं पाऊल टाकीना, लघवी कॉफीसारखी काळपट आली, तर तो स्नायूंचा गंभीर आजार. त्याला चालवू नका, चोळू नका, सावलीत जागच्या जागी उभं ठेवा.

धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, इतर जनावरांपेक्षा कितीतरी लवकर. खिळा घुसला, नाल ठोकताना टोचलं, पाठ सोलली, काहीही झालं तरी डॉक्टरांकडून धनुर्वातविरोधी इलाज करून घ्या. आधीच लस टोचलेली असली तर उत्तमच. धनुर्वात झालेलं घोडं हात लावताच, आवाज होताच ताठरतं, डोळ्याच्या कोपऱ्यातली पांढरी पापणी वर सरकते, जबडा बसतो. ते अंगाला हात लावू देत नाही, त्यातही खोडी नसते.

आणि पिसाळण्याचा धोका विसरू नका. गरीब घोडं अचानक चावायला लागलं, स्वतःचंच अंग चावू लागलं, लाळ गळते, गिळता येत नाही, मागचा भाग झुलतो, आणि मागच्या काही आठवड्यांत वाड्यावर कुत्रं किंवा कोल्हा येऊन गेला असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. घशात काही अडकलं असेल म्हणून बघायला जाणारी माणसं यातच सापडतात. चावा किंवा लाळ लागली तर साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घोड्याला घालू नका. डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे. ते दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपल्या देशातली गिधाडं संपत आली, हे कारण.

बैलांबद्दल दोन शब्द, कारण गळिताच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर तेच जास्त. बैलाची लाथ घोड्यासारखी सरळ मागं जात नाही. तो पाय पुढं आणून बाहेरच्या अंगाला गोल फिरवतो. म्हणून बैलाच्या कुशीशी उभं राहणाराही सुरक्षित नसतो. खांदेसूज आलेला बैल जू मानेवर ठेवताना डोकं हिसडतो, शिंग मारतो, गाडीवान त्याला "चुकार" ठरवून पराणी टोचतो. त्या खांद्यावर हात ठेवून बघा. गरम आहे, ओलसर आहे, बैल डोळा आवळतो आणि मान खाली ओढतो, तर आज त्याच्या मानेवर जू ठेवू नये. सूज गरम असेपर्यंत थंड पाणी, आणि गरमी गेल्यावर मगच हलका शेक. पिकलेल्या खांद्यावर मालिश करू नये.

घोड्याकडं परत येतो, कारण पाठीची बरीच दुखणी मालिशीनं नाही, लादण्याच्या रीतीनं टळतात. खोगिराच्या दोन गाद्यांमध्ये मणक्यावर हाताची तीन बोटं उभी जातील एवढी फट पाहिजे, आणि ती ओझं लादल्यावरही राहिली पाहिजे. दोन्ही बाजूंचं वजन तोलून बघा. जड डबा एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला तेवढंच काही घाला, आणि रोज बाजू बदला. मुक्कामाला ओझं उतरलं की पाठीवरचा घाम बघा. सगळी पाठ ओली आणि मधेच एखादी जागा कोरडी राहिली असेल, तर तिथं दाब जास्त पडतोय. त्या कोरड्या जागेवर हळदीचं बोट लावून ठेवा. सकाळी तिथं सपाट हात फिरवा आणि कानाकडं बघा. कान पडला तर त्या दिवशी खोगीर चढवू नका, आणि पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाला वाडा कोणत्या शिवारात, कुणाच्या रानात बसलाय ते नीट सांगा.